शिक्षकाच्या अध्ययनासाठी निधी : बेने इस्राएल शाळांचा दाखला

(वाशी येथील बाजार समितीच्या आवारात भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



शिक्षकांचा मेळावा बाजारपेठेत भरावा हे प्रथमदर्शनी काहीसे विजोड वाटेल. परंतु त्यास कारण घडले आहे. आपण ज्यास एपीएमसी मार्केट म्हणतो त्या या बाजारातील काही व्यापारी सद्गृहस्थांनी आसपासच्या खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी एक कायम निधी उभारण्याचा मनोदय व्यक्त केला आहे. वह्या, दप्तरे, गणवेश, पाण्याच्या टाक्या यांसाठी साहाय्य करणारे हात पुष्कळ आहेत, आणि ते हात थांबू नयेत. या वेळी मात्र विचार निराळा निघाला. शिक्षकाने नोकरीत असताना अधिक शिकावे, अधिक पाहावे, आपला व्यवसाय अधिक चांगला करावा, यासाठी काही द्रव्य बाजूला काढावे, असा तो विचार आहे. अशा निधीचे स्वरूप कसे असावे याविषयी मी बोलावे अशी आज्ञा झाली. कोऱ्या कागदावर नियम मांडण्यापेक्षा, ज्यांनी हे काम दीर्घकाळ केले त्यांच्याकडे पाहावे, असे मला वाटले. म्हणून आज मी आपणांपुढे यहुदी समाजाचा दाखला ठेवणार आहे.

हा दाखला दूरचा आहे असे कोणी समजू नये. ही बाजारपेठ येथे येण्यापूर्वी धान्याचा व मसाल्याचा घाऊक व्यापार मुंबईत मशीद बंदर भागात चालत असे. त्या भागात सॅम्युएल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतील बेने इस्राएल अधिकारी. १७९६ साली त्यांनी तेथे मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून ते बांधले, असे परंपरा सांगते. कोकणातील बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिरास मराठीत 'मशीद' म्हणत आणि आजही म्हणतात. मशीद या रेल्वे स्थानकाचे नाव या मंदिरावरूनच पडले असे अनेक जण सांगतात. तेव्हा आपल्या बाजाराच्या जुन्या पत्त्यातच या समाजाची एक खूण आहे.

रायगड जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकांना तर अधिक सांगावयास नको. किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराड. आपल्या शाळा ज्या गावांत आहेत तीच गावे या कुटुंबांनी आडनावात जपली आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. विसाव्या शतकाच्या मध्यास सुमारे वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज १९४८ नंतर मोठ्या प्रमाणावर इस्राएलला गेला. आज भारतात यहुदी लोक काही हजारच उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

या समाजाच्या धर्मग्रंथांत शिक्षकाविषयी एक व्यवस्था सांगितली आहे. ती आपल्यासारख्या हजेरीपट सांभाळणाऱ्यांना विशेष रुचेल. तालमूद या ग्रंथात म्हटले आहे की पंचवीस मुलांना एक शिक्षक असावा. मुले चाळीस झाली तर गावाच्या खर्चाने एक साहाय्यक द्यावा. पन्नास झाली तर दोन शिक्षक नेमावेत. ही गोष्ट सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले. तेव्हा त्या जुन्या पंडितांचा हिशेब कच्चा होता असे म्हणवत नाही. त्यातील 'गावाच्या खर्चाने' या शब्दांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. साहाय्यकाचा भार शिक्षकाच्या खिशावर किंवा त्याच्या पुण्याईवर टाकलेला नाही.

दानासाठी त्यांच्याकडे जो शब्द आहे तो 'त्सदाका'. त्याचा मूळ अर्थ न्याय. देणारा उपकार करीत नाही, तो देणे फेडतो, अशी त्यामागची भावना. बाराव्या शतकातील थोर पंडित मोशे बेन मैमोन यांनी दानाच्या आठ पायऱ्या वर्णिल्या आहेत. त्यांत घेणाऱ्यास स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल असे साहाय्य ही सर्वांत वरची पायरी आहे. देणाऱ्याने घेणाऱ्यास ओळखू नये आणि घेणाऱ्याने देणाऱ्यास, ही त्याखालची. शिक्षकास हार घालून व्यासपीठावर उभे करणे आणि त्याच्या हाती पाकीट देणे हे या क्रमात कोठे बसते, ते आपणच ठरवावे.

आता शाळांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेने इस्राएल मुलांच्या शिक्षणास चालना मिळाली ती मिशनरी शाळांतून. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली या लोकांसाठी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता, आणि तो या समाजाच्या बाबतीत फारसा सफल झाला नाही. परंतु अक्षरज्ञान मात्र पसरले. पुढे बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईस आलेले धनाढ्य व्यापारी डेव्हिड ससून यांनी आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली. बगदादी यहुदी आणि आपले कोकणी बेने इस्राएल यांच्यात रोटीबेटीचे आणि मानपानाचे अंतर होते, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही त्या ससून शाळेचे मुख्याध्यापकपद दीर्घकाळ भूषविले ते एका बेने इस्राएल गृहस्थाने. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे त्यांचे नाव. जन्म १८३४, मृत्यू १९०५. साहाय्यक शिक्षक म्हणून ते तेथे लागले, मुख्याध्यापक झाले आणि सुमारे चाळीस वर्षे त्यांनी ती शाळा चालविली.

या चाळीस वर्षांत वर्ग घेणारा हा मनुष्य स्वतः शिकत राहिला. मुंबई विद्यापीठात तो हिब्रूचा परीक्षक झाला, विद्यापीठाचा फेलो झाला. हिब्रू भाषेतील प्रार्थना व धर्मसाहित्य त्याने मराठीत आणले. वीसांहून अधिक पुस्तके त्याच्या नावावर आहेत. ज्यांना हिब्रू येत नव्हते अशा अलिबाग-पनवेलच्या घरांत सणाच्या रात्री काय म्हणावयाचे, त्याचा अर्थ काय, हे या मराठी पुस्तकांमुळे लोकांना कळू लागले. ससूनांनी शाळेसाठी किती पैसा घातला हा हिशेब कोणी तरी मांडलाच असेल. माझ्या दृष्टीने त्या पैशाचे मोठे फळ हे की एका शिक्षकास चाळीस वर्षे निर्वेधपणे बसावयास जागा मिळाली आणि त्याची विद्या वाढण्यास अवधी मिळाला.

दुसरी शाळा अधिक जवळची. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजातील इतरांच्या साहाय्याने मुंबईत इस्राएल मुलांची शाळा सुरू केली. आडनावावरून आपण ओळखले असेल, घराणे किहीमचे. याच केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, १९३७ साली प्रसिद्ध झाला. त्यांची शाळा म्हणजे तेल्यांच्या, कारकुनांच्या, शिपायांच्या मुलांची शाळा. समाज गरीब, वर्गणी तुटपुंजी. लंडनमध्ये १८७१ साली अँग्लो-ज्यूइश असोसिएशन नावाची संस्था स्थापन झाली होती. तिने या शाळेला वर्षासन बांधून दिले. पुढे हाँगकाँग व शांघाय येथे व्यापार करून संपन्न झालेले, मूळचे बगदादचे सर एली कदूरी यांनी भरघोस देणगी दिली आणि शाळेला त्यांचे नाव मिळाले. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच.

देणगीदाराचे नाव इमारतीवर कोरले जाते. तसे कोरू नये असे मी म्हणत नाही. परंतु त्या शाळेविषयी जुन्या मंडळींशी बोलू लागले की ती निराळेच नाव घेतात : रिबेका रूबेन. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ही मुलगी पहिली आली. मुलीने असा क्रमांक मिळविण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी पुढे इंग्लंडला जाऊन अध्यापनाचे शिक्षण घेतले, १९१७ पासून काही वर्षे समाजाच्या वार्षिकाचे संपादन केले, आणि १९२२ साली त्या या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९५० पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी शाळा सांभाळली. एवढी विद्या संपादन केलेल्या स्त्रीस त्या काळी मानाच्या व पगाराच्या इतर जागा मिळाल्या नसत्या असे नाही. तिने आपली विद्या आणली ती आपल्याच लोकांच्या मुलांकडे. आता दुसरी बाजू पाहा. तिच्या हाती सोपविण्याजोगी शाळा उभी होती, लंडनचे वर्षासन येत होते, मागाहून कदूरींचे द्रव्य आले. शिकलेला शिक्षक आणि टिकाऊ निधी यांची गाठ पडली म्हणून हे घडले. शिक्षक तेवढा उत्तम असावा, निधीचे काय, असे म्हणणाऱ्यांना आणि निधी जमला की सारे साधले असे मानणाऱ्यांना, दोघांनाही हे उदाहरण पुरेसे उत्तर देते.

आज त्या शाळेत, तसेच भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातील ससून शाळांत, बहुसंख्य मुले यहुदी नाहीत. भायखळ्यास तर ती बहुतांशी मुसलमान आहेत. जगात अन्यत्र या दोन समाजांविषयी काय ऐकू येते ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. भायखळ्याच्या त्या आवारात मात्र पाढे म्हटले जातात. ज्या मुलांसाठी निधी दिला ती मुले दूर देशी गेली, आणि तो दुसऱ्यांच्या मुलांच्या उपयोगी पडला.

या दोन शाळांनी मूळ प्रश्न अर्धाच सोडविला, हेही सांगितले पाहिजे. राजपूरकर व रूबेन हे असामान्य पुरुष व स्त्री होते. सामान्य शिक्षकास वाढविण्याची रीत कोणती? ती पाहण्यासाठी थोडे मुंबईबाहेर जावे लागेल. पॅरिस येथे १८६० साली 'आलियान्स इस्राएलित युनिव्हर्सेल' नावाची यहुदी संस्था निघाली. मोरोक्कोपासून इराणपर्यंतच्या गरीब यहुदी वस्त्यांत शाळा काढाव्यात हे तिचे काम. थोड्याच वर्षांत संस्थाचालकांच्या ध्यानात आले की शाळा काढणे सोपे, शिक्षक मिळणे कठीण. म्हणून १८६७ साली त्यांनी पॅरिसमध्ये खास अध्यापक विद्यालय स्थापिले. बगदाद, तेतुआन, इस्तंबूल अशा गावांच्या शाळांतून हुशार मुले निवडावयाची, संस्थेच्या खर्चाने त्यांना पॅरिसला न्यावयाचे, काही वर्षे शिकवावयाचे आणि शिक्षक करून परत पूर्वेकडे पाठवावयाचे. मुलींसाठीही तशी सोय होती. १९०० च्या सुमारास या संस्थेच्या जवळजवळ शंभर शाळा चालत होत्या, आणि त्यांचा कणा हे विद्यालय होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची धुरा एमॅन्युएल लेव्हिनास यांनी वाहिली. ते विसाव्या शतकातील नामांकित तत्त्वज्ञ; परंतु अनेक वर्षे त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय अध्यापक विद्यालय चालविण्याचा होता.

या संस्थेची एक प्रथा मला फार मोलाची वाटते. दूरच्या गावी नेमलेल्या शिक्षकाने मध्यवर्ती कार्यालयास नियमाने पत्र लिहावयाचे. पटसंख्या व खर्च एवढेच लिहून भागत नसे. गावात दुष्काळ आहे काय, पालक मुलींना का पाठवीत नाहीत, कोणता धडा मुलांना समजत नाही, कोणाशी भांडण झाले, हे सारे त्यात येई. अशी हजारो पत्रे जपून ठेवली गेली, आणि त्या प्रदेशांचा सामाजिक इतिहास लिहिणारे विद्वान आज ती पत्रे उलगडून वाचतात. आपल्याकडेही माहिती पुष्कळ मागविली जाते, हे मी विस्तार अधिकारी असल्यामुळे संकोचाने का होईना, मान्य करतो. परंतु तक्त्यांतील रकान्यांत शिक्षकाचे मन मावत नाही.

याच संस्थेचा दोषही सांगावयास हवा. तिने फ्रेंच भाषा डोक्यावर घेतली. मुलांच्या घरी जी यहुदी-स्पॅनिश वा यहुदी-अरबी बोली बोलली जाई तिला तिच्या शाळांत कमी लेखले गेले. शिक्षक पॅरिसला जाऊन विद्वान झाला, पण परतल्यावर कित्येकदा आपल्याच माणसांना परका झाला. निधी देणाऱ्याने शिक्षकास कोणत्या दिशेने वाढवावयाचे हे दुरून ठरविले की असे होते. राजपूरकरांनी नेमके याच्या उलट केले; हिब्रूतील विद्या त्यांनी घरच्या मराठीत आणली.

अलीकडच्या काळातील दोन-तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. जर्मनीने दिलेल्या नुकसानभरपाईच्या द्रव्यातून १९६५ साली यहुदी संस्कृतीसाठी एक स्मारक प्रतिष्ठान स्थापन झाले. ज्या युरोपात शिक्षक व पंडित मारले गेले त्यांच्या जागी नवे तयार करावेत हा त्याचा एक प्रमुख उद्देश. अमेरिकेत जिम जोसेफ फाउंडेशनने २०१० च्या सुमारास तीन उच्च शिक्षणसंस्थांना, यहुदी शिक्षक तयार करण्यासाठी, मिळून साडेचार कोटी डॉलर दिले. या तीन संस्थांचे धर्ममत एक नाही, कित्येक बाबतींत त्या परस्परविरोधी आहेत. तरी प्रत्येकीस सारखा वाटा मिळाला. त्याच देशात १९९० साली स्थापन झालेले कव्हेनंट फाउंडेशन निवडक शिक्षकांना पुरस्कार देते. शिक्षकास छत्तीस हजार डॉलर आणि तो ज्या शाळेत काम करतो त्या शाळेस पाच हजार, अशी ती रक्कम अनेक वर्षे होती. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते. 'जीवन' या शब्दाचे मूल्य अठरा, आणि छत्तीस म्हणजे त्याची दुप्पट. म्हणून तो आकडा. शाळेचाही वाटा ठेवण्यातील शहाणपण आपण लक्षात घ्यावे : पुरस्कृत शिक्षकाकडे सहकाऱ्यांनी तिरप्या नजरेने पाहू नये, यासाठी इतकी चांगली युक्ती मला दुसरी ठाऊक नाही. या संस्थेने २०११ पासून आणखी एक पारितोषिक ठेवले, ते नव्या, व्यवसायात दहा वर्षांपेक्षा अधिक न झालेल्या शिक्षकांसाठी. त्याचे नाव डाळिंब पारितोषिक. येथील फळबाजारात सोलापूरची डाळिंबे येतात; आत किती दाणे आहेत ते फोडल्यावाचून कळत नाही, हे व्यापारी मंडळी आम्हांहून अधिक जाणतात.

आता आपल्या घरचे पाहू. शिक्षकांसाठी निधी ही कल्पना आपल्याकडे अगदी नवी नाही. १९६२ साली राष्ट्रीय शिक्षक कल्याण प्रतिष्ठान स्थापन झाले. शिक्षक दिनी त्यासाठी वर्गणी गोळा होत असे, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याचा रोख मुख्यतः अडचणीत सापडलेल्या शिक्षकांना व त्यांच्या कुटुंबीयांना हात देण्यावर होता. ते आवश्यकच, परंतु विपत्तीत मदत आणि विद्येत वाढ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांनी घालून दिले. गावोगाव शाळा काढावयाच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. पॅरिसच्या संस्थाचालकांना जे उमगले तेच साताऱ्यात उमगले, आणि येथे निधी जमला तो घरोघरच्या मूठभर धान्यातून.

आज शासनाची प्रशिक्षणे आहेत, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, केंद्राच्या शिक्षण परिषदा आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षास किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. मग खाजगी निधीची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की शासनाचे प्रशिक्षण सर्वांना एकच असते. ते तसेच असावे लागते. परंतु शिक्षकाची अडचण एकेकट्याची असते.

एक प्रसंग सांगतो. मराठवाड्यातून बदलून आलेले एक तरुण शिक्षक डोंगराच्या कडेच्या एका वाडीवर रुजू झाले. पटावरील बहुतेक मुले कातकरी. गुरुजींची मराठी मुलांना कळेना, मुलांची बोली गुरुजींना. पहिल्या भेटीत मी गेलो तेव्हा वर्ग मुका होता. हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. दुसऱ्या भेटीत, चार महिन्यांनी, गुरुजींच्या टेबलावर एक वही होती. तीत त्यांनी दोनशेहून अधिक कातकरी शब्द लिहून घेतले होते. वाडीतील एका म्हाताऱ्या बाईकडे ते संध्याकाळी जाऊन बसत. त्या बाई दिवसा वीटभट्टीवर जात, तेव्हा त्यांचा वेळ फुकट घ्यावा हे गुरुजींना पटेना. म्हणून दर आठवड्यास ते आपल्या पगारातून त्यांना काही देत. मी विचारले, हा खर्च कोठे दाखवावयाचा? ते म्हणाले, "साहेब, असा रकाना आहे का?" तो रकाना नव्हता. मी ज्या निधीविषयी बोलत आहे तो हा रकाना आहे.

व्यापारी बंधूंनो, म्हणून माझी पहिली विनंती अशी की खर्चाचे शीर्षक मोकळे ठेवा. कोणास कोसबाडला जाऊन अनुताई वाघांच्या परंपरेतील बालवाडी चार दिवस पाहावयाची असेल. कोणास गणिताची चार पुस्तके हवी असतील. कोणास वाडीतल्या त्या बाईसारखा गुरू करावयाचा असेल. रक्कम लहान असो, पण ती कशासाठी हे शिक्षकाने सांगावे. एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांतून शिक्षक चार दिवस बाहेर गेला तर वर्ग कोणी सांभाळावा, हा खरा पेच आहे. अशा वेळी गावातील पदविकाधारक तरुणास त्या दिवसांचे मानधन निधीतून मिळावे. तालमूदमधील तो साहाय्यक, गावाच्या खर्चाचा, येथे उपयोगी पडेल. अर्थात त्याची नेमणूक व शिक्षकाची रजा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनेच होईल.

दुसरी गोष्ट स्पष्ट बोलतो, रागावू नये. जुन्या बाजारपेठांतून शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत अडत, हमाली, तोलाई यांच्याखाली 'धर्मादाय' नावाची एक कपात असे. पुण्य व्यापाऱ्याचे, पैसा शेतकऱ्याचा. बाजार नियमनाच्या कायद्यांनी अशा कपाती बंद केल्या ते उचितच झाले. हा निधी आपल्या नफ्यातून यावा. तो कोणाच्या पट्टीत उतरू नये. या जिल्ह्यांच्या शाळांत बसणारी मुले त्याच शेतकऱ्यांची व माथाडी कामगारांची आहेत.

तिसरे. निधीची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे व्हावी आणि हिशेब दरवर्षी तपासला जावा. विश्वस्तांत निम्मे शिक्षक असावेत, त्यांतही स्त्रिया असाव्यात. अर्जात जातधर्माचा रकाना नसावा. जिल्हा परिषदेचा शिक्षक १९६७ च्या वर्तणूक नियमांनी बांधलेला आहे, म्हणून रोख रक्कम कोणाच्या हाती देऊ नये. प्रवासभाडे, पुस्तकांचे देयक, मानधन हे विश्वस्तांनी परस्पर चुकते करावे. समारंभ, शाल, श्रीफळ यांवर निधीतील एक पैसाही खर्चू नये, असे मला वाटते. याबाबत आपल्यात मतभेद होतील हे मला ठाऊक आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता आपल्याकडे. निधी घेणाऱ्याने पत्र लिहावे. काय पाहिले, काय करून पाहिले, काय जमले नाही, हे सरळ मराठीत, आपल्या शब्दांत, दोन-तीन पानांत. 'उपक्रम यशस्वीरीत्या राबविण्यात आला' या वाक्यास मी आजपासूनच रजा देतो. जे जमले नाही ते लिहिल्याबद्दल कोणाच्या गोपनीय अहवालावर शेरा येणार नाही, याची हमी गटशिक्षणाधिकारी साहेबांनी काल मला दिली आहे; ते येथे बसले आहेत, म्हणून सर्वांसमक्ष सांगतो. ही पत्रे केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचली जातील आणि निवडक पत्रे या पुस्तिकेत छापली जातील. त्या कातकरी शब्दांच्या वहीची नक्कल करून घेण्यास गुरुजींनी अनुमती दिली आहे. ज्यांच्या शाळांत अशी मुले आहेत त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव नोंदवावे.

अर्जाचा नमुना मुद्दाम छापलेला नाही. साध्या कागदावर लिहावे. माझ्या वर्गात मला काय अडते, आणि ते सुटण्यासाठी मी कोणाकडून काय शिकू इच्छितो, एवढ्या दोनच गोष्टी त्यात असाव्यात. शिफारसपत्र जोडू नये. जोडल्यास ते काढून ठेवण्यात येईल. अर्ज केंद्रप्रमुखांकडे द्यावेत. केंद्रप्रमुखांनी ते आपल्याकडे न ठेवता आठ दिवसांत पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे पाठवावेत.